एक हरभरा

"घरी बी न्हाई सांगायचं का वो, बाई?"

मागच्या बाजूनं, बायका बसल्या होत्या तिथून हा आवाज आला आणि पक्षाच्या कार्यालयातली पुरुषमंडळी मांडीवर थापा मारून हसली. मी तेव्हा पुढं बसून मातीच्या मडक्याच्या तोंडाला भोक पाडलेलं फडकं बांधत होते. मान वर करून बघेपर्यंत बायकांच्या डोक्यांवरचे पदर एकसारखे खाली आले होते. कोण बोललं ते कळलं नाही. आवाज तेवढा राहिला. जरासा घोगरा, बऱ्याच दिवसांनी दार उघडावं तसा.

डॉक्टर वासंती लेले मात्र हसल्या नाहीत.

"घरीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला नाही, लेकाला नाही. मरेपर्यंत नाही. आपलं मत ते आपलंच."

"मरेपर्यंत कशाला, आण्णा संध्याकाळपर्यंत काढून घेतील की!" पुढून कुणीतरी बोललं. पुन्हा हशा झाला. त्या हशात रंगराव आण्णासुद्धा सामील होते. माझे वडील तेवढे हसत नव्हते. आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर ते गुडघे जुळवून बसले होते, दाढ काढायला आणल्यासारखे.

कारण त्या दिवशी ते आण्णांच्या विरोधात उभे होते.

लेले मॅडम पुण्याहून आमच्या मालेवाडीला आल्या त्या संशोधन करायला. देशाला लोकशाही शिकवणाऱ्या पक्षांच्या स्वतःच्या घरात लोकशाही नांदते का, हा त्यांचा विषय. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होते, म्हणून प्राचार्यांनी त्यांना माझ्याकडं धाडलं, आणि आमच्या घरी पाटावर बसून बाजरीची भाकरी मोडत मोडत त्यांनी आमच्या तालुक्याचा अभ्यास सुरू केला.

पहिली मुलाखत अर्थातच आण्णांची. आण्णा पक्षाचे तालुकाध्यक्ष. किती वर्षं, ते कुणी मोजत नसे; डोंगराचं वय कोण विचारतो?

"अध्यक्षाची निवड कशी होते?" मॅडमनी विचारलं.

"एकमतानं."

"म्हणजे मतदान होतं?"

"एकमत असल्यावर मतदान कशाला? पोट भरलेल्याला कुणी जेवायला वाढतं का?"

"आणि मतभेद असले तर?"

"ते मी मिटवतो."

"तुमच्याशीच मतभेद असले तर?"

आण्णांनी खरंच विचार केला. माणूस प्रामाणिक होता. छताकडं बघून म्हणाले, "तसा अनुभव न्हाई."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांच्या लिहिण्याकडं बघून आण्णांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"हे पुस्तकात येणार?"

"येणार."

"शेजारच्या तालुक्याचं काय लिहिलंय?"

"तिथे चुरस झाली होती. दोन गट, आरोप-प्रत्यारोप. शेवटी खुर्च्या फेकल्या एकमेकांवर."

"म्हणजे तिथं न्हाई लोकशाही."

"तसं नाही म्हणता येणार," मॅडम म्हणाल्या. "थोडीफार आहे."

आण्णांच्या वर्मी लागलं. ज्या तालुक्याला धड पाण्याची टाकी बांधता आली नाही, त्याच्याकडं लोकशाही असावी आणि आपल्याकडं नसावी! ते माझ्या वडिलांकडं वळले. "नाना, आपल्याकडं बी होऊन जाऊ दे निवडणूक."

नाना म्हणाले, "माझं अनुमोदन आहे."

हे ते नेहमीच म्हणत. तेच त्यांचं पद होतं म्हणा ना. पक्षाच्या कुठल्याही सभेत आण्णा ठराव सांगत, कुणीतरी सूचक होई, मग नाना उठून, धोतराचा सोगा सारखा करून, खणखणीत आवाजात म्हणत, "माझं अनुमोदन आहे." देवळात घंटा वाजल्यावर लोक जसे उठतात तसे लोक त्या आवाजावर उठत. सूचक बदलत, अनुमोदक कधी बदलला नाही. आण्णा आणि नाना एका शाळेत, एका पाटीवर शिकलेले. आण्णांच्या शेजारची ती खुर्ची म्हणजे नानांचं सगळं मिळवलेलं आयुष्य. शेती बेताची, नोकरी नाही. पण बाजारातून चालले की दहा माणसं रामराम घालत, कारण हा माणूस आण्णांच्या शेजारी बसतो. आणि जीभ अशी वळलेली की आई घरात म्हणाली, "आज पिठलं टाकते," तरी माजघरातून उत्तर यायचं, "माझं अनुमोदन आहे."

तर निवडणूक ठरली. तिला दुसरा उमेदवार लागतो, हे मॅडमनी सांगितल्यावर आण्णांच्या ध्यानात आलं.

"मग नाना उभा राहील."

नानांच्या तोंडून ते नेहमीचं वाक्य अर्धं बाहेर पडलं आणि घशात अडकलं. "मी? तुमच्या विरोधात? आण्णा, माझं काय चुकलं?"

"चुकलं कुठं? नुसतं उभं राहायचं."

"आजवर बसलोय की शेजारी. बसूनच राहतो."

"नाना, पक्षाचं काम आहे."

पक्षाचं काम म्हटल्यावर नानांचा नाइलाज झाला. पण त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. रस्त्यात कुणी "काय उमेदवार!" म्हटलं की ते कानावर हात ठेवत.

मॅडमचा आग्रह होता की उमेदवारांनी भाषणं करावीत. आण्णांनी तासभर केलं. मग नाना उठले. टेबलाला धरून म्हणाले, "बंधू-भगिनींनो, मी उमेदवार आहे. तुम्हाला हात जोडून विनंती, मला मत देऊ नका. मी काही केलेलं नाही, पुढंही काही करणार नाही. हा माझा जाहीरनामा." आणि बसले. टाळ्या आण्णांच्या भाषणापेक्षा जास्त पडल्या. तिथंच खरं तर काळजी करायला हवी होती.

दुसरा घोळ विरोधाचा. नानांना एकही मत पडलं नाही तर पुस्तकात शोभा होईल, म्हणून आण्णांनी आपली विश्वासातली दहा माणसं बोलावली आणि सांगितलं, तुम्ही नानाला मतं द्या. माणसं हो म्हणून गेली आणि एकेक करून मागच्या दारानं परत आली. पहिला म्हणाला, "आण्णा, मला वगळा. माझ्या भावाच्या बदलीचं तुमच्याकडं पडून आहे." दुसरा म्हणाला, "तुम्ही माझी परीक्षा बघताय, होय ना? मी न्हाई फसायचा." तिसरा तर आण्णांच्या पायाशीच बसून राहिला.

आण्णा भडकले. "विरोध करा म्हटलं की विरोध करायचा! आदेश म्हणजे आदेश!"

"जी," माणसं म्हणाली. पण प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसत होतं, की हा आदेश मोडण्यातच शहाणपण आहे.

मतदानाची रीत मॅडमनी बसवली. मत देणाऱ्या तालुका समितीतल्या कैक बायकांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच पुरुषांनाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका समितीत होत्या त्या तरी कशा? पक्षाच्या घटनेत महिला सदस्य हव्यात असं होतं, म्हणून ज्याच्या त्याच्या घरची नावं टाकलेली. सभेला त्या कधी आलेल्या नव्हत्या; मॅडमसाठी म्हणून या वेळी प्रथमच ट्रॉलीत बसवून आणलेल्या. म्हणून मॅडमनी चिठ्ठ्या नकोत म्हटलं. प्रत्येकाला एक ज्वारीचा दाणा आणि एक हरभरा द्यायचा. ज्वारी म्हणजे आण्णा, हरभरा म्हणजे नाना. पडद्याआड मडकं ठेवलेलं. जो हवा तो दाणा मडक्यात टाकायचा.

"आणि उरलेला?" कुणी विचारलं.

"त्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. फक्त कुणाला दाखवायचा नाही."

आणि मग मागून तो प्रश्न आला होता. घरी बी न्हाई सांगायचं का.

एकेक जण पडद्याआड जाऊन आला. पुरुष जाताना हसत जात आणि येताना मूठ घट्ट मिटून येत. ती मूठ मी बघितली, मॅडमनी बघितली नाही. त्या तेव्हा लोकशाहीचा फोटो काढत होत्या. दुपार कलली तसं पांढरं धोतर अंथरून मॅडमनी मडकं उपडं केलं. ज्वारीची रास पडली. पांढरी, मोत्यासारखी. सुगीच्या खळ्यावर पडते तशीच, फक्त मूठभर.

आणि त्या राशीतून घरंगळत, थेट आण्णांच्या बुटाशी येऊन थांबला एक हरभरा.

पुढच्या रांगेतल्यांनी पाय मागं घेतले. एकही पडला नसता तर लोक हसले असते. आदेशाप्रमाणं दहा पडले असते तर पेढे वाटले गेले असते. आण्णांनीच नंतर ते बोलून दाखवलं: "दहा मी सांगितले होते. दहा पडले असते तर ते माझेच होते. एक पडला म्हणजे तो मनापासून पडलाय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "कुंदा," त्या माझा हात दाबून म्हणाल्या, "बी रुजलं गं!"

 मी नानांकडं बघत होते. ते त्या हरभऱ्याकडं बघत होते, विंचवाकडं बघावं तसे.

मॅडमची गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच सगळ्या समितीला आण्णांच्या घरी बोलावणं आलं. मीही नानांच्या पाठोपाठ गेले आणि तुळशीपाशी उभी राहिले. आण्णा ओसरीवर तक्क्याला टेकलेले. त्यांच्या बायकोनं, सोनाकाकूनं, आतून पितळी ताट आणून समोर धरलं. सोनाकाकूचा गाण्यातला आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा. कुणाच्या घरी हळद असो, बारसं असो, काकूनं सूर धरल्याशिवाय बायकांच्या गळ्यातून गाणं फुटत नसे.

"उंबऱ्याच्या भाईर माझ्या बसली सभा थोर,
भाकर झाली गार, राजा, यावं लवकर."

ही तिनंच जुळवलेली ओवी. आमच्या गल्लीतल्या पोरी ती सागरगोट्यांवर म्हणत. बोलताना मात्र तिला कुणी ऐकलं नव्हतं. ज्या घरात सारखं आण्णाच बोलत, तिथं तिच्या वाट्याला गाणंच तेवढं उरलं असणार.

"ज्यानं त्यानं आपला हरभरा ताटात टाका," आण्णा म्हणाले.

आणि मग मला त्या मिटलेल्या मुठींचा अर्थ कळला. कुणी टोपीतून काढला, कुणी कनवटीतून, कुणी तंबाखूच्या चंचीतून. एकानं तर दाताखाली धरून ठेवला होता, तो धोतराला पुसून ताटात टाकला. बायकांचे हरभरे त्यांच्या नवऱ्यांनी आधीच गोळा केले होते. गुप्त मतदानाचा पुरावा प्रत्येकानं जिवापाड जपून आणला होता. टण, टण, टण. ताट भरत गेलं. विरोध करायला नेमलेली माणसं तर सगळ्यात पुढं होती.

"नाना?"

नाना पुढं आले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

"आण्णा, मी खाल्ला."

"काय?"

"हरभरा. बाई म्हणाल्या होत्या, कुणाला दाखवायचा न्हाई. हातात ठेवला तर कुणीतरी बघंल, म्हणून तिथंच खाल्ला. ज्वारी टाकली मी मडक्यात, तुमच्या गळ्याची आण."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "खाल्ला म्हणे!"

 आण्णा उठताना म्हणाले, "नाना, तुला अध्यक्षच व्हायचं होतं तर मला सांगायचं. मी केला असता." आणि आत गेले. सोनाकाकू ताट घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. एवढ्या हरभऱ्याची त्या रात्री उसळ झाली असेल.

पुढच्या सभेला आण्णांच्या शेजारी दुसरा माणूस होता. ठराव आला, सूचक झाला, आणि नाना सवयीनं मागच्या सतरंजीवरून अर्धे उठले. तेवढ्यात पुढून नवा आवाज आला, "माझं अनुमोदन आहे!" नाना तसेच अर्धे उठलेले राहिले. मग खाली काहीतरी शोधल्यासारखं करून बसले.

घरातही ते वाक्य बंद झालं. आई मुद्दाम विचारायची, "वांग्याचं भरीत करू का आज?" नाना म्हणायचे, "कर."

अशात मॅडमचं पुस्तक आलं. इंग्रजीत, जाड पुठ्ठ्याचं. त्यात आमच्या तालुक्याला आख्खं प्रकरण. त्यात नानांना मॅडमनी म्हटलं होतं, प्रस्थापित नेतृत्वाला शांतपणे आव्हान देणारा, असंतुष्ट गटाचा नेता. कॉलेजच्या प्राचार्यांनी उत्साहानं ते आण्णांना मराठीत वाचून दाखवलं. होतं नव्हतं तेवढंही संपलं.

"माझा गट?" नाना मला म्हणाले. "कुंदे, गटात मी आणि कोण?"

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "तुम्ही आणि तो हरभरा."

त्या दिवाळीला नाना फराळाचा डबा घेऊन आण्णांकडं गेले. आतून निरोप आला, थांबा. परसाच्या कठड्यावर ते उन्हं उतरेपर्यंत बसून राहिले आणि डबा तिथंच ठेवून परत आले.  तेच मग आपणहून म्हणाले, "आण्णाच्या परसात झेंडूच्या वाफ्यात ज्वारीचं एकच ताट उगवलंय. एकटंच. हे एवढं मोठं कणीस. कुणी उपटलं बी न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा का कोण जाणे, जरा निवला होता.

वर्षं गेली. आई गेली. माझे केस पिकले. गावात हरभऱ्याचा विषय निघाला की अजून तर्क चालत. कुणी म्हणे, खुद्द आण्णांनीच टाकला नानांना बाजूला सारायला. कुणी म्हणे, शेजारच्या तालुक्यानं माणूस फोडला. नानांचं नाव मात्र कायम राहिलं, हरभरे नाना. आण्णा शेवटपर्यंत अध्यक्ष होते, एकमतानं. ते गेले त्या दिवशी नाना स्मशानात लांब, बाभळीखाली उभे राहिले. खांदा द्यायला त्यांना कुणी हाक मारली नाही.

त्यानंतरच्या संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी मी नानांसाठी हुरडा भाजत होते. आगटीचा धूर अंगणभर झालेला. फाटक वाजलं आणि त्या धुरातून कुणीतरी म्हातारी वाकत वाकत आली. सोनाकाकू. आमच्या घरी ती त्या निवडणुकीनंतर प्रथमच येत होती. नाना गडबडीनं उठायला गेले.

"बसा वो, भाऊजी," ती म्हणाली. "आता कोण उठतंय आणि कुणासाठी."

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. जरासा घोगरा. बऱ्याच दिवसांनी दार उघडावं तसा.

मी तिच्या हातावर हुरडा ठेवला. तिनं दोन दाणे तोंडात टाकले, बाकीच्या दाण्यांकडं बघत बसली. मग कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "हरभरा माझा होता, भाऊजी."

नानांना आधी उमजलंच नाही. "कुठला हरभरा, वैनी?"

"मडक्यातला."

आगटीत एक कणीस तडकलं. नानांचा हात खाली आला आणि चटईवर काहीतरी चाचपडत राहिला.

"तुम्ही?" ते म्हणाले. "मला मत दिलंत? मी तर हात जोडून सांगितलं होतं, देऊ नका म्हणून."

"दोनच तर होते की उभे. त्यातला एक मला घरी जेवायला पाहिजे होता. मग ऱ्हायलं कोण?" तिनं पदर सारखा केला. "वाटलं, पडले तर येतील घरी. भाकर गरम असताना."

"आणि ज्वारी?" मी विचारलं. "काकू, ज्वारीचा दाणा?"

"पुढं पावसात टोकला परसात. फेकवंना. त्यांच्या नावाचा हुता ना तो." तिच्या सुरकुत्यांत हसू आलं. "लई चांगलं कणीस आलं. चिमण्यांनी खाल्लं."

 मग नानांनी विचारलं. आवाज चढवला नाही. तो चढवायची त्यांची सवय कधीच मोडली होती. "वैनी, माझी खुर्ची गेली. माझा आण्णा गेला, जित्तेपणी गेला. तुमच्या एका बोलण्यानं मिटलं असतं. का न्हाई बोललात?"

"त्या बाईंनी सांगितलं होतं," सोनाकाकू म्हणाली. "सगळे हसले, मी न्हाई हसले. नवऱ्याला न्हाई, लेकाला न्हाई, मरेपर्यंत न्हाई. मी जन्मात एकदा मत दिलं, भाऊजी, ते तरी बाईंनी सांगितलं तसं द्यावं म्हटलं. आता ते गेले. आता तुमच्यापाशी बोलले तर चालत असंल."

"पण आण्णांनी विचारलं असतं तर?" मी म्हटलं. "त्या दिवशी ओसरीवर, सगळ्यांना विचारलं तेव्हा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओंजळीतला हुरडा, एकही दाणा न सांडता, नानांच्या हातात ओतला.

"त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं न्हवते बोलणार, पोरी. साऱ्या तालुक्याला विचारलं त्यांनी. ताट माझ्या हातात हुतं. मला कुणी म्हणालंच न्हाई, तुझा टाक."